ब्रशाविना फिरणारी मोटर : एका खेळण्याचा इतिहास

स्वयंपाकघरातील मिक्सर काही वर्षे इमानेइतबारे काम करतो आणि एके दिवशी चटणी वाटता वाटता मध्येच थांबतो. दुरुस्तीच्या दुकानातील कारागीर तो उघडून पाहतो आणि फारसा विचार न करता सांगतो, ‘कार्बन झिजले आहेत.’ बोटाच्या पेराएवढे दोन काळे तुकडे बदलले जातात आणि मिक्सर पुन्हा पूर्ववत् चालू लागतो. हे काळे तुकडे म्हणजे मोटरीचे ब्रश. विजेच्या मोटरीचा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास या दोन तुकड्यांशी बांधलेला आहे. त्यांच्यावाचून मोटर फिरेना, आणि त्यांच्यामुळेच ती झिजे. या पेचातून मनुष्याने स्वतःची सुटका कशी करून घेतली, ही कथा मोठी आहे. या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती सारी कथा मुलांच्या एका उडत्या खेळण्यात पुन्हा एकदा, थोड्या वर्षांत आणि थोड्या जागेत, घडून आली.

१८२० साली डेन्मार्कमधील अर्स्टेड या शास्त्रज्ञाने विजेच्या तारेजवळ चुंबकसूची हलते हे दाखविले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने वीज वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरती ठेवली. वीज आणि चुंबक यांच्यापासून गती मिळू शकते हे सिद्ध झाले. परंतु तिच्यापासून उपयोगी काम करून घेणे ही गोष्ट निराळी होती. फिरणाऱ्या वेटोळ्याला चुंबक आपल्याकडे ओढतो खरा, पण वेटोळे त्याच्यासमोर आले की ओढ संपते आणि ते तेथेच अडून राहते. नेमक्या त्या क्षणी वेटोळ्यातील प्रवाहाची दिशा उलटली, तरच ओढीचे रूपांतर ढकलण्यात होते आणि फिरणे चालू राहते. ही उलटापालट करणारी युक्ती म्हणजे दिक्परिवर्तक. फिरत्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्या बसवायच्या, त्यांच्यावर बाहेरून स्थिर तारा टेकवून ठेवायच्या, म्हणजे दांडा फिरेल तसतसा प्रवाह आपोआप एका पट्टीवरून दुसरीवर जातो. १८३२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन याने अशी मोटर चालवून दाखविली. १८३७ साली अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतातील टॉमस डेव्हनपोर्ट या लोहाराने तिचे एकस्व मिळविले.

सुरुवातीच्या या स्थिर तारा म्हणजे तांब्याच्या तारांचे झुबके असत. ते कुंच्यासारखे दिसत म्हणून त्यांना ब्रश हे नाव पडले. १८८० च्या दशकात तारांची जागा कार्बनच्या तुकड्यांनी घेतली, पण नाव तेच राहिले. कार्बन स्वतः झिजतो आणि तांब्याला वाचवितो, हा त्याचा गुण. तथापि झीज काही टळली नाही. जेथे एक वस्तू दुसरीवर घासते तेथे उष्णता आहे, ठिणगी आहे आणि बारीक भुकटी आहे. मोटर जितकी लहान आणि जितकी वेगवान, तितका हा दंड जबर. मोठ्या यंत्राला जाडजूड कार्बन बसविता येतो आणि तो बदलताही येतो; करंगळीच्या नखाएवढ्या मोटरीत ती सोय कोठून असणार?

या पेचावर एक उत्तर एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. इटलीतील गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत स्थायिक झालेला निकोला टेस्ला यांनी १८८८ साली उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावर चालणारी, ब्रश नसलेली मोटर जगापुढे मांडली. प्रवाह स्वतःच दिशा बदलत असल्यामुळे दिक्परिवर्तकाची गरज उरली नाही. घरोघरी छताला टांगलेला जुन्या पद्धतीचा पंखा वर्षानुवर्षे कुरकुर न करता फिरत राहतो, तो याच शोधामुळे. परंतु बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहते. जे यंत्र बॅटरीवर चालवावयाचे, त्याला ब्रशाचा आधार सुटेना.

तो सुटला ट्रान्झिस्टरच्या आगमनानंतर. १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी या दोन अमेरिकन अभियंत्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दिक्परिवर्तकाचे काम घासणाऱ्या पट्ट्यांऐवजी अर्धवाहकांकडून कसे करवून घेता येईल, हे त्यांनी त्यात दाखविले होते. मोटरीची रचनाच उलटी झाली. पूर्वी वेटोळे फिरत होते आणि चुंबक स्थिर होता. आता वेटोळी स्थिर राहिली आणि चुंबक फिरू लागला. स्थिर वेटोळ्यांना वीज द्यायला घासणाऱ्या तुकड्यांची गरजच नाही. मात्र कोणत्या वेटोळ्याला केव्हा वीज द्यायची, हे कोणीतरी बाहेरून ठरविले पाहिजे. तांब्याच्या पट्ट्या हे काम नकळत करीत होत्या. आता ते जाणून करावे लागले. घर्षण गेले आणि त्याच्या जागी गणित आले. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेतही, निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांपासून अत्यंत प्रबळ चुंबक तयार झाले. त्यामुळे अशी मोटर लहान होत होत संगणकातील तबकड्या फिरविण्याइतकी सुटसुटीत झाली.

येथवरचा इतिहास जमिनीवरील यंत्रांचा झाला. आकाशातही याच वळणाचा एक इतिहास घडत होता. चार पंख्यांच्या बळावर सरळ वर उठणारे यंत्र ही कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांचे चार पंख्यांचे यंत्र जमिनीपासून हातभर वर उठले. परंतु ते कलंडू नये म्हणून चार माणसांना चार कोपरे सांभाळून उभे राहावे लागले. १९२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत द बोथेझाट याचे प्रचंड यंत्र सुमारे पावणेदोन मिनिटे हवेत राहिले. १९२४ साली फ्रान्समध्ये एमिशेन याने एक किलोमीटरची फेरी पूर्ण केली. मात्र त्यासाठी चार मोठ्या पंख्यांना आणखी आठ लहान पंख्यांचे साहाय्य द्यावे लागले. या यंत्रांना उचलण्याचे बळ होते. नव्हता तो तोल. चार पंख्यांचे बळ क्षणोक्षणी कमीअधिक करून यंत्र सपाट ठेवणे हे मनुष्याच्या हातांच्या आणि डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून पुढे एका मोठ्या पंख्याचे हेलिकॉप्टर रूढ झाले आणि चार पंख्यांची कल्पना बहुतांशी अडगळीत पडली.

ती परत आली खेळांच्या आणि खिशातल्या उपकरणांच्या वाटेने. टेलिव्हिजनवरील खेळांसाठी आणि भ्रमणध्वनींसाठी, वळण्याचा वेग मोजणारे सूक्ष्म जायरोस्कोप सिलिकॉनच्या चकतीवर कोरले जाऊ लागले आणि त्यांची किंमत झपाट्याने उतरली. २००९ साली निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या खेळासाठी जायरोस्कोप असलेले जोडउपकरण बाजारात आले, तेव्हा हौशी लोकांनी ते उघडून त्यातील जायरोस्कोप आपल्या उडत्या यंत्रांना बसविला. ‘मल्टिवी’ या उड्डाणप्रणालीच्या नावात त्या खेळाची आठवण राहिली आहे. त्याच वर्षी ‘थ्री इडियट्स’ या हिंदी चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत उडत जाणारे चार पंख्यांचे यंत्र भारतभरच्या प्रेक्षकांनी पाहिले. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीने ते पुरविले होते. एका शतकापूर्वी चार माणसांनी जे कोपरे सांभाळले, ते आता तांदळाच्या दोनचार दाण्यांएवढी चकती सांभाळू लागली.

यानंतर हे यंत्र खेळण्यांच्या दुकानात पोचायला वेळ लागला नाही. २०१२-१३ पासून चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील शेंजेन आणि शांतौ या शहरांतून तळहातावर मावणारी उडती खेळणी जगभर जाऊ लागली. हबसान कंपनीचे एक्स-४ आणि चिअरसन कंपनीचे सीएक्स-१० ही त्यांतील गाजलेली नावे. त्यांच्या पोटात एक इवलीशी पाटी असे. तिच्यावर जायरोस्कोप, रेडिओचा संदेश घेणारी चकती, हिशेब करणारा प्रक्रियक आणि चार मोटरींसाठी मॉस्फेट नावाचे चार विद्युत्-दरवाजे असत. या पाटीला उड्डाण-नियंत्रक म्हणतात. मोटरी मात्र ब्रशाच्याच होत्या : सहा, सात किंवा साडेआठ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्या. त्यांच्यात लोखंडी गाभा नसे. तारेचे पोकळ वेटोळेच चुंबकाभोवती फिरे. जर्मनीतील फ्रिट्झ फाउलहाबर यांनी १९५० च्या दशकात अशा स्वयंधारी वेटोळ्याची रचना सिद्ध केली होती. तीच आता खेळण्यात आली होती.

ब्रशाची मोटर निवडण्याचे कारण उघड होते. ती चालवायला एका मोटरीमागे एक मॉस्फेट पुरे. दरवाजा जितका वेळ उघडा तितकी मोटरीला वीज जास्त, एवढाच तो हिशेब. ब्रशाविना मोटरीला तीन तारा लागतात, त्यांच्यामागे सहा मॉस्फेट लागतात आणि त्यांना ताब्यात ठेवायला स्वतंत्र प्रक्रियक लागतो. चार मोटरींचे मिळून चोवीस मॉस्फेट आणि चार प्रक्रियक झाले. स्वस्त खेळण्याला हा खर्च परवडेना.

परिणाम असा झाला की, त्या खेळण्यात एक विलक्षण विसंगती राहिली. त्याची बुद्धी दीर्घायुषी होती आणि पाय अल्पायुषी. नियंत्रकातील प्रक्रियक वर्षानुवर्षे टिकण्याजोगा. पण मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या मोटरींचे नाजूक ब्रश उड्डाणाच्या थोड्याच तासांत झिजून जात. एक मोटर मंदावली की यंत्र एका अंगाला झुकू लागे. दोन वेळा मोटर बदलल्यावर बहुतेक घरांत ते खेळणे कपाटावर जाऊन पडे आणि तेथून केरात. शाबूत बुद्धी निकामी पायांबरोबर फेकली जाई.

काही हौशी तंत्रज्ञांच्या मनाला ही गोष्ट खटकली. अमेरिकेत, युरोपात आणि अन्यत्र विखुरलेल्या या मंडळींनी खेळण्यांच्या पाट्या भिंगाखाली धरून पाहिल्या, तेव्हा अनेक पाट्यांवर त्यांना ३२ बिटांचा, सेकंदाला ४ कोटी ८० लाख ठोके देणारा प्रक्रियक आढळला. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइटांची होती, तरीही पुन्हा पुन्हा लिहिता येण्याजोगी होती. उत्पादकाने लिहिलेला कार्यक्रम पुसून आपला लिहिता येईल, हे ध्यानात येताच ‘सिल्व्हरवेअर’सारखे मुक्त कार्यक्रम जन्माला आले. त्यांत यंत्राची स्थिती सेकंदाला हजार वेळा तपासली जाई आणि तितक्याच वेळा चारही मोटरींचे बळ सुधारले जाई. खेळणे एकाएकी कसलेल्या यंत्रासारखे उडू लागले. मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला : बुद्धी इतकी चांगली आहे, तर तिला ब्रशाविना मोटरींचे पाय का लावू नयेत?

वरवर पाहता काम सोपे होते. नियंत्रक आणि प्रत्येक नव्या मोटरीच्या मध्ये एक गतिनियंत्रक बसवायचा. नियंत्रकाने किती बळ हवे ते सांगायचे आणि गतिनियंत्रकाने मोटर त्याप्रमाणे फिरवायची. अडचण भाषेची होती. जुना नियंत्रक मोटरीशी प्रमाणाच्या भाषेत बोलत असे : शेकडा दहा वेळ दरवाजा उघडा, शेकडा नव्वद वेळ बंद. गतिनियंत्रकाला मात्र रेडिओ-नियंत्रित विमानांच्या परंपरेतील भाषा कळे. एक मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे थांब, दोन मिलिसेकंदांचा ठोका म्हणजे पूर्ण वेगाने फिर. त्यामुळे प्रथम कार्यक्रमातील मोटरीविषयीचा भाग बदलावा लागला. शून्य ते शंभर या प्रमाणाचे रूपांतर ठोक्याच्या लांबीत झाले. पुढे ठोके अधिकाधिक आखूड झाले आणि शेवटी केवळ अंकांत बोलणारी भाषाही आली.

दुसरी अडचण संदेश कोठून घ्यायचा ही होती. जुन्या मोटरीची ऋण तार जेथे जोडलेली असे, तेथूनच तो घ्यावा असे कोणालाही वाटेल. परंतु मॉस्फेट उघडला की त्या ठिकाणचा विद्युत्दाब शून्यावर उतरतो आणि मिटला की वर जातो. म्हणजे तेथे मिळणारा संदेश उलटा असतो. ‘थांब’ म्हटले की मोटर भरधाव सुटायची! म्हणून जाणकार कारागीर मॉस्फेट पाटीवरून उपटून काढीत आणि तो ज्या बिंदूवरून आज्ञा घेत असे, त्या बिंदूलाच केसाएवढी तार सोल्डर करून ती गतिनियंत्रकाला जोडीत. बिंदू मोहरीएवढा, हात किंचित हलला तर पाटीवरील तांबेच उखडून यायचे. त्या बिंदूवरील छोटा रोधक मात्र जपून ठेवावा लागे; कारण प्रक्रियक जागा होण्यापूर्वीच्या क्षणी तोच संदेश शून्यावर धरून ठेवतो आणि मोटरींना अवेळी फिरू देत नाही.

तिसरी अडचण अन्नाची. खेळण्याची पाटी ३.७ व्होल्टच्या एका बॅटरीघटावर जगत असे. नव्या मोटरींना बहुधा दोन घट लागत, आणि पूर्ण भरलेल्या दोन घटांचे ८.४ व्होल्ट त्या पाटीने सोसले नसते. म्हणून तिच्यासाठी दाब उतरविणारे निराळे उपकरण बसवावे लागे. एकाच घटावर काम भागविणाऱ्यांपुढे उलटा धोका होता. चारही मोटरी एकदम जोर करू लागल्या की घटाचा दाब कोसळे, प्रक्रियक क्षणभर शुद्ध हरपे आणि भर उड्डाणात यंत्र दगडासारखे खाली येई.

एवढे सारे जुळल्यावरही उड्डाण साधेलच असे नव्हते. ब्रशाच्या मोटरीला थांबवून पुन्हा चालू करणे सहज साधते. ब्रशाविना मोटरीत चुंबक नेमका कोठे आहे हे ओळखण्यासाठी, वीज न दिलेल्या वेटोळ्यात फिरत्या चुंबकामुळे उत्पन्न होणारा दाब मोजावा लागतो; आणि चुंबक थांबला की हा दाबही नाहीसा होतो. अशी थांबलेली मोटर पुन्हा चालू करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. म्हणून हवेत असताना कोणतीही मोटर पुरती थांबू द्यायची नाही, सर्वांत कमी बळ म्हणजेही मंद का होईना फिरत राहणे, असा नियम कार्यक्रमात घालावा लागला. तोल सावरण्याचे गुणांकही बदलले. कारण नव्या मोटरींचे बळ आणि त्यांचे फिरणारे वजन दोन्ही निराळी होती. जुन्या आकड्यांवर उडविलेले यंत्र थरथर कापू लागे.

या खटाटोपाला पूर्वपरंपरा होती. शतकाच्या आरंभीच युरोपातील हौशी लोकांनी संगणकातील मोडक्या सीडी-यंत्रांच्या मोटरी काढून, त्यांना जाड तार गुंडाळून आणि निओडिमियमचे चुंबक चिकटवून, आपली लहान विमाने उडविली होती. त्यांनी टाकाऊ यंत्रातील पाय घेतले. पुढच्या पिढीने टाकाऊ खेळण्यातील बुद्धी घेतली. जे निरुपयोगी म्हणून टाकले जाते त्यात कोणता भाग अजून जिवंत आहे, हे शोधण्याची दृष्टी दोघांचीही एकच.

या प्रयोगांचा काळ मात्र थोडकाच ठरला. २०१८ च्या सुमारास उड्डाण-नियंत्रक आणि चार गतिनियंत्रक एकाच लहान पाटीवर बसविलेले तयार मिळू लागले. अकरा मिलिमीटरच काय, त्याहूनही बारीक गाभ्याच्या मोटरी बाजारात आल्या. जे काम भिंग लावून रात्र रात्र करावे लागे, ते विकत घेता येऊ लागले. उलट काही स्वस्त खेळण्यांत एकदाच लिहिता येणारे प्रक्रियक आले. त्यांचा कार्यक्रम पुसता येत नाही. त्यामुळे पाय झिजले की बुद्धीही कायमची केरात जाते. एक वाट गरज संपल्यामुळे ओस पडली, दुसरी दार लावून घेतल्यामुळे.

या दोन घटनांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पहिली प्रगती आहे. तिच्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. त्या खेळण्यांवर शिकलेल्यांनी जे कोडे हाताने सोडविले, तेच तयार पाट्यांमध्ये सुटलेले दिसते. दुसरी गोष्ट मात्र तितकी निरुपद्रवी नाही. स्टर्जनची मोटर कोणालाही उघडून पाहता येत होती. डेव्हनपोर्ट लोहार होता; त्याने चुंबकाला गुंडाळलेली तार सोडवून पाहिली आणि स्वतःचा चुंबक बनविला. मिक्सरचे कार्बन बदलणारा कारागीर त्याच परंपरेचा वारस आहे. तांब्याच्या पट्टीची जागा गणिताने घेतली, तेव्हा यंत्राची झीज थांबली; पण त्याबरोबर यंत्राचे मर्म दिसेनासे झाले. पट्टी झिजली तर डोळ्यांना दिसते. कार्यक्रम चुकला तर तो वाचता आल्याशिवाय चूक कळत नाही.

काही वर्षे काही खेळण्यांतील हे मर्म वाचता येत होते आणि बदलताही येत होते. तेवढ्या अवधीत, ज्यांना कोणी अभियंता म्हटले नव्हते अशा माणसांनी केरातून उचललेल्या पाटीला नवे पाय दिले. घर्षण टाळण्याची विद्या मनुष्याने दीर्घ परिश्रमाने मिळविली आहे. ती विद्या उघडून पाहण्याचा, समजून घेण्याचा आणि पुढे नेण्याचा मार्ग खुला ठेवावयाचा की मोहोरबंद डबीत मिटावयाचा, हा निर्णय मात्र कोणत्याही प्रक्रियकाला घेता येणार नाही. तो यंत्रे घडविणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनीच घ्यावयाचा आहे.